खटपट्या : कौतुक की टोमणा?

पाणंद (धागाकर्ती)

एका शब्दापाशी पंधरा दिवस अडून बसले आहे, म्हणून इथे विचारते.

आमच्या भागातल्या बचत गटांच्या बायकांसाठी एक पुस्तिका मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. गावच्या पाणीयोजनेची मोटर बंद पडली की धावणाऱ्या, रेशनकार्डावर नाव चुकलं की तालुक्याला चार खेपा घालणाऱ्या, नवरा-बायकोचं जुंपलं की मध्ये पडणाऱ्या अशा बायका. मूळ इंग्रजी मसुद्यात त्यांना ‘प्रॉब्लेम सॉल्व्हर’ म्हटलंय. मी ‘समस्या निवारक’ लिहिलं आणि पाच-सहा जणींना वाचून दाखवलं. त्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, ‘‘निवारक म्हंजी? खटपट्या म्हणायचं व्हय?’’ त्यावर शेजारची लगेच म्हणाली, ‘‘खटपट्या नको गं. उद्या भावकी म्हणंल, बाई लय खटपटी झाली.’’

दोघींचंही बरोबर होतं, आणि तिथेच माझं घोडं अडलं.

माझा मामा गावात खटपट्या म्हणूनच ओळखला जायचा. त्याची एक गोष्ट सांगते, म्हणजे मला कुठला माणूस म्हणायचाय ते कळेल. दोन चुलत भावांची एक सामाईक विहीर होती. पाण्याची पाळी आठवड्याची : एक आठवडा थोरल्याचा, एक धाकट्याचा. पुढे शेतीच्या लाईटचं वेळापत्रक बदललं. एक आठवडा दिवसा आठ तास, दुसरा आठवडा रात्री दहा तास. त्यानंतर दोघांत जे सुरू झालं ते मारामारीपर्यंत गेलं. धाकट्याचं म्हणणं, थोरल्यानं वायरमनला हाताशी धरलंय. थोरल्याचं म्हणणं, याला रात्री उठायचा कंटाळा, म्हणून कांगावा करतोय. मामा दोन्ही घरी जाऊन चहा पिऊन आला, विषय काढलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं धाकट्याच्या भिंतीवरचं दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर उतरवलं, मांडीवर घेतलं आणि पेन्सिलीनं प्रत्येक आठवड्यावर पाळी कुणाची आणि लाईट कधीची ते लिहीत गेला. दोन महिने लिहून झाल्यावर कॅलेंडर दोघांच्या मध्ये ठेवलं. पाळीही आठवड्याची आणि लाईटही आठवड्याची, त्यामुळे धाकट्याच्या वाट्याला दर खेपेला रात्रच येत होती. लबाडी कुणाचीच नव्हती. मामा म्हणाला, पाळी साडेतीन-साडेतीन दिवसांची करा. दोघांना निम्मे दिवस, निम्म्या रात्री. भांडण तिथल्या तिथे मिटलं. ते दोघं अजून त्याच हिशेबानं पाणी धरतात.

मामा गेला तेव्हा दहाव्याला माणसं म्हणत होती, ‘खटपट्या माणूस होता, गावाचा आधार गेला.’ त्याच दुपारी पारावर कुणीतरी आवाज खाली घेऊन म्हणालं, ‘लय खटपटी केल्या त्यानं पंचायतीत.’ माणूस तोच आणि शब्दही तोच.

तर विचारायचंय ते असं. खटपट्या हा शब्द तुमच्याकडे कसा वापरतात? कौतुकानं की टोमण्यानं? आणि असं काम करणाऱ्या माणसाला तुमच्या भागात, तुमच्या धंद्यात काय म्हणतात?


धोटा

आमच्या धंद्यात यासाठी पक्का शब्द आहे : जॉबर. मी इचलकरंजीचा. १९०४ साली आमच्या गावात पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून अख्खं गाव मागाच्या आवाजात झोपतं आणि उठतं. माग बिघडला की मालक ‘मेकॅनिकला बोलवा’ म्हणत नाही, ‘जॉबरला हाक मारा’ म्हणतो.

चांगला जॉबर मागाला हात लावण्याआधी ऐकतो. साध्या मागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकला जातो आणि तो वेळेवर पोचला नाही की माग धाडकन थांबतो. आमच्याकडे एक जॉबर होते, आता थकलेत. शेडमध्ये शिरायचे, दारातच थांबायचे. चोवीस माग एकदम चालू, आपल्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ते बोटानं दाखवायचे, ‘तो तिसऱ्या ओळीतला, पट्टा सैल झालाय, संध्याकाळपर्यंत धोटा उडवंल.’ मग जाऊन तळहात मागाच्या सांगाड्यावर ठेवायचे, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो. त्यांचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

तुमच्या खटपट्याचं म्हणाल, तर खटपट हा शब्दच मुळी आवाजावरून आलेला आहे. खट आणि पट. काम चालू असल्याचा आवाज. ज्याच्या घरातून हा आवाज येतो तो माणूस रिकामा बसलेला नाही, एवढंच त्या शब्दात होतं. त्यामुळे माझं मत कौतुकाकडे.


तळेगावकरीण

आमच्याकडे ‘तड लावणारा’ म्हणतात. ‘त्याला सांग, तो तड लावल्याशिवाय राहायचा नाही.’ पण हे वाक्यातच शोभतं. नुसतं नाव म्हणून पुस्तिकेच्या डोक्यावर घातलं तर कसंतरी वाटेल.


बडोदेकर

पाणंद, तुम्ही नकळत आमच्या गावच्या दुखण्यावर बोट ठेवलंत. खटपट हा शब्द एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नोकरीवर आला होता आणि ती हकीकत बडोद्यातली आहे.

जेम्स आउट्रम हे बडोद्याला रेसिडेंट, म्हणजे दरबारातले ब्रिटिशांचे प्रतिनिधी, होते. गायकवाडांच्या दरबारात तेव्हा एक समज घट्ट बसला होता : मुंबई सरकारात योग्य ठिकाणी पैसे पोचवले की हवा तो निकाल मिळतो. या प्रकाराला लोक जो शब्द वापरत, तो होता खटपट. १८५१ साली आउट्रमनी या खटपटीवर मुंबई सरकारला अहवाल पाठवला. इंग्रजी कागदांत त्यांना प्रतिशब्द शोधत बसावं लागलं नाही, आपला शब्दच जसाच्या तसा रोमन लिपीत गेला. अहवाल मुंबईच्या वरिष्ठांना झोंबला आणि आउट्रमना बडोदा सोडावं लागलं. पुढे १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसींच्या पाठिंब्यानं ते पुन्हा बडोद्याला आले.

म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच या शब्दाला ‘आतून सूत्रं हलवणं’ हा अर्थ पुरता चिकटलेला होता. तुमच्या पारावरचा माणूस आवाज खाली घेऊन जे म्हणाला ते नवं नाही. हा डाग जुना आहे, धुऊन निघेल असं मला वाटत नाही.

बडोद्यातल्या मराठी घरांत मात्र माझ्या आजीच्या तोंडी हा शब्द अगदी साधा होता. ‘एवढी खटपट करून पुरणपोळ्या केल्या आणि तू दोनच खाल्ल्यास?’


पाणंद

बडोदेकर, हे वाचून रात्री झोप लागली नाही. आभार.

धोटा, तळहात ठेवण्याचं वर्णन मी त्या बायकांना वाचून दाखवणार आहे. त्यातली एक जण पाणीयोजनेची मोटर चालू झाली की पाइपवर हात ठेवून सांगते, पाणी येतंय की नुसती हवा.


ऋजुता_श

मी शाळेत संस्कृत शिकवते, त्यामुळे माझं भांडण तुमच्या ‘समस्या’शी आहे. हा शब्द आपण आज अडचण म्हणून वापरतो, पण जुना अर्थ फार सुंदर आहे. समस्या म्हणजे श्लोकाचा एक तुकडा, बहुतेक वेळा शेवटचा चरण, दुसऱ्यानं पुढे टाकलेला. बाकीचे चरण असे रचायचे की तो तुकडा त्यात चपखल बसला पाहिजे. याला समस्यापूर्ती म्हणत.

भोज राजाच्या दरबाराची दंतकथा बहुतेकांनी ऐकलेली असेल. राजानं समस्या दिली : ‘ठंठंठठंठंठठठंठठंठः’. याला अर्थच नाही, नुसता आवाज. कालिदासानं पूर्ती केली ती अशी : रामाच्या अभिषेकाच्या वेळी आनंदानं भान हरपलेल्या तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि पायऱ्यांवरून गडगडत जाताना त्यानं असा असा आवाज केला. निरर्थक ओळ होती तिला एकदम जागा मिळाली, जिना मिळाला, घडा मिळाला.

मुलांना मी हे सांगते तेव्हा त्यांना विचारते, इथे कालिदासानं समस्येचं निवारण केलं का? ती ओळ खोडली का? नाही. तिच्याभोवतीचं जे हरवलं होतं ते पुरवलं. तुमच्या मामांनी कॅलेंडरावर हेच केलं. भांडण हा शेवटचा चरण होता, आधीचे तीन चरण त्यांनी शोधून भरले. ‘निवारक’ म्हणजे दूर सारणारा. पाऊस निवारायला छत्री लागते, पण तुमचा मामा छत्री नव्हता.

शब्द सुचवू शकत नाही, पण ‘समस्या निवारक’ नको एवढं नक्की सांगते.


वऱ्हाडी_पाट्या

आमच्या इकडे एक घोळ होते. नागपुरात हिंदी कानावर सतत असते आणि हिंदीत खटपट म्हणजे दोघांचं बिनसणं. ‘दोनों में खटपट हो गई.’ मी पुण्याला नोकरीला आलो तेव्हा साहेब म्हणाले, ‘तुमच्याबद्दल ऐकलंय, फार खटपटी आहात.’ मी दोन दिवस अस्वस्थ होतो की आपण कुणाशी भांडलो.

आमच्याकडे अशा माणसाला विशेष नाव नाही. ‘त्याले सांग, तो करते बराबर’, एवढंच. आता सगळीकडे जुगाडू म्हणतात. मला तो शब्द या कामासाठी नको वाटतो. जुगाडात आजचं भागवून नेणं आहे. तार बांधली, गाडी घरापर्यंत आली, झालं. पाळी साडेतीन दिवसांची करणं हा जुगाड नाही. ते कायमचं झालं.


शब्दसाखळी

इतका चांगला धागा चाललाय की राहवलं नाही. दोन मुद्दे.

पहिला. अडचणीसाठीचे आपले अस्सल शब्द एका ओळीत मांडून बघा : गुंता, तिढा, गाठ, पेच, पीळ. सगळे दोऱ्याचे किंवा दोराचे. पेच फारसीतून आला, तिथेही अर्थ पिळाचाच. पतंगाचा पेच, कुस्तीतले डावपेच, कायद्यातला पेच. आणि त्यावरची क्रियापदं : सोडवणं, उलगडणं, उकलणं. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अडचण उभी राहते ती भिंतीसारखी नाही राहत, फोडून टाकावी अशी. ती सुताच्या लडीसारखी असते, टोक सापडलं पाहिजे. भांडणाचं तेवढं वेगळं, ते मिटतं. नड भागते. प्रश्न मार्गी लागतो. गणित सुटतं. प्रत्येक अडचणीचं क्रियापद ठरलेलं आहे, आपण कधी ‘नड सुटली’ म्हणत नाही. करणाऱ्यासाठी एकच नाव नसण्याचं कारण मला यातच दिसतं : काम एकच नाही, तर नाव एकच कुठून येणार?

दुसरा मुद्दा प्रत्ययाचा. ‘खटपट्या’ आणि ‘खटपटी’ यांत फरक आहे आणि तो तुमच्या दोन्ही मावश्यांना कळला होता. ‘-या’ लावला की शब्द अंगणात येतो, जवळचा होतो, आणि बरेचदा जरा खालीही येतो : लुडबुड्या, बडबड्या. वाटाड्या मात्र त्याच रांगेतला असून मानाचा राहिला. ‘-ई’ लावलं की तोच गुण जरा सभ्य कपड्यांत दिसतो : उद्योगी, हिकमती, खटपटी. त्या दुसऱ्या मावशीनं ‘बाई लय खटपटी झाली’ म्हटलं त्यात टोमणा खटपटीत नाही. ‘झाली’मध्ये आहे, आणि ‘बाई’मध्ये.

जाता जाता ‘तोडगा’. आज वर्तमानपत्रात ‘चर्चेतून तोडगा निघाला’ वाचतो, पण तोडगा म्हणजे मुळात दृष्ट, बाधा, ग्रहपीडा काढायचा उपाय. अजूनही ज्योतिषी तोडगा सांगतो. म्हणजे मांत्रिकाकडचा शब्द वाटाघाटींच्या टेबलावर येऊन बसला आणि कुणाला खटकलं नाही. शब्दावरचे डाग धुऊन निघतात, बडोदेकर.


बखरप्रेमी

शब्द वर चढल्याचं आणखी एक उदाहरण : मुत्सद्दी. मुघल अमदानीत मुत्सद्दी म्हणजे कारकुनी आणि हिशेबाच्या कामावरचा अंमलदार. आपल्याकडे अठराव्या शतकात अर्थ एवढा उंचावला की राज्याचे पेच सोडवणारा तो मुत्सद्दी. साडेतीन शहाण्यांची कीर्ती त्यातलीच. पेशव्यांकडे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडे देवाजीपंत चोरघडे, निजामाकडे विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे, आणि नाना फडणवीस अर्धे, कारण ते लढवय्ये नव्हते असं सांगतात. विठ्ठल सुंदर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत पडले.

गावपातळीवर तेव्हा हे काम एकट्यादुकट्याचं नव्हतं. वतनाचा, हद्दीचा तंटा झाला की गोत, म्हणजे गावातल्या वतनदारांची सभा, बसायचं, साक्षी व्हायच्या आणि निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, लिहिला जायचा. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते आपल्या वतनी कामाची निशाणी काढत, पाटलाचा नांगर तर प्रसिद्धच आहे. अशा कागदावर सोडवणारा म्हणून कुणा एकाचं नाव नसतं, बसलेल्या सगळ्यांचं असतं. आपल्या तंटामुक्त गाव मोहिमेनं, १५ ऑगस्ट २००७ पासून, तीच पद्धत समितीच्या रूपानं पुन्हा आणायचा प्रयत्न केला. गावात आजही ‘तंटामुक्तीचे अध्यक्ष’ म्हणून माणसाची ओळख सांगतात.


गिरणगावची_लेक

धोटा यांच्या जॉबरबद्दल वाचून लिहायला घेतलं, थोडं लांबेल.

माझे वडील मुंबईत कापडगिरणीच्या विणखात्यात होते, १९८२च्या संपापर्यंत. आमच्या घरी जॉबर हा शब्द दोन आवाजांत बोलला जायचा. जुन्या काळी मुंबईच्या गिरणीत जॉबर फक्त माग दुरुस्त करत नसे. कामावर कुणाला घ्यायचं हे त्याच्या हातात होतं. गावाहून आलेल्या पोराला तो खोलीत जागा बघून द्यायचा, खानावळ लावून द्यायचा, अडीअडचणीला पैसे द्यायचा, आपसातली भांडणं मिटवायचा. आणि या सगळ्याबद्दल दस्तुरी, म्हणजे आपला वाटा, घ्यायचा. दिली नाही तर उद्या काम नाही. हे इतकं माजलं होतं की १९३५ मध्ये गिरण्यांनी बदली कामगारांची (गैरहजर असलेल्यांच्या जागी रोज घेतल्या जाणाऱ्यांची) नोंद ठेवायची पद्धत आणली, म्हणजे रोजची भरती जॉबरच्या मर्जीवर राहू नये.

वडिलांना पहिलं काम एका जॉबरनं लावून दिलं. त्याचं नाव ते शेवटपर्यंत आदरानं घ्यायचे. आणि पहिल्या पगारातले किती पैसे त्याला दिले तेही शेवटपर्यंत लक्षात होतं.

मला वाटतं डाग शब्दावर पडत नाही, या कामातच तो धोका आहे. ज्याच्याकडे आपली अडचण घेऊन जावं लागतं त्याच्या हातात आपण जातो. तो सरळ असेल तर तुमचा मामा, वाकडा असेल तर दस्तुरी घेणारा जॉबर. कुठलाही नवा कोरा शब्द घडवलात तरी दहा वर्षांत त्याच्यावरही हा डाग पडेल. म्हणून खटपट्या टाकू नका. त्या शब्दाला दोन्ही बाजू माहीत आहेत.


ओझरची_वाट

वरच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन. जुन्नर तालुक्यातलं ओझर माझं आजोळ. अष्टविनायकांतला विघ्नेश्वर आमचा. गणपतीला आपण विघ्नहर्ता म्हणतो, पण तो विघ्नांचा राजाही आहे. विघ्नं आणणंही त्याच्या हातात आणि दूर करणंही, म्हणूनच कुठल्याही कामाआधी त्याला विचारायचं. देवातही हे दोन अंग आपण मान्य केलंय.

फक्त ‘हर्ता’ माणसाला लावू नये असं वाटतं. हल्ली मोठमोठ्या फलकांवर ‘संकटमोचक’ वाचते तेव्हा अवघडल्यासारखं होतं.


काथ्या_आणि_नारळ

कोकणातून. आमच्याकडे शब्द आहे मेस्त्री. पोर्तुगीजांकडून आला, तिकडे अर्थ उस्ताद, गुरू. आमच्याकडे सुतार तो मेस्त्री, गवंडी तो मेस्त्री, इंजिन दुरुस्त करणारा तो मेस्त्री. पण माणसांमधला तंटा सोडवणाऱ्याला कुणी मेस्त्री म्हणणार नाही. त्याला ‘जाणतो’ म्हणतात.

माझं मत थोडं वेगळं आहे. नाव शोधायचा आग्रह कशाला? सरकारी आणि कंपन्यांच्या कागदांना नाव लागतं. महावितरणनं वायरमनला ‘जनमित्र’ हे नाव दिलं. चांगलं नाव आहे, भावना चांगली आहे. पण वादळात तार तुटली की आम्ही वाडीतून ‘वायरमनला फोन लाव’ म्हणूनच ओरडतो, कारण त्या क्षणी आम्हाला मित्र नको असतो, वायर जोडणारा हवा असतो. तोही बिचारा भर पावसात खांबावर चढतो ते नावासाठी चढत नाही. ज्याचं त्याचं काम सांगा, नाव लोक देतील.


सुगरण_७०

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कुणी बोललं नाही. पाणंदताईंची पुस्तिका बायकांसाठी आहे. वरचे शब्द पुन्हा वाचा : मुत्सद्दी, मेस्त्री, जॉबर, जाणता. सगळे पुरुष.

बाईसाठी आपल्याकडे शब्द आहे ‘कर्ती’. ‘ती घरातली कर्ती आहे.’ कर्तीसवरती. माझ्या सासूबाई कर्त्या होत्या. पण त्यांच्या कामासाठी जे क्रियापद वापरलं जायचं ते बघा : निस्तरणं. दुसऱ्यानं सांडलं, ते आपण निस्तरायचं. मामंजींनी जामीन राहून ठेवलं, सासूबाईंनी बांगड्या मोडून निस्तरलं. पुरुष तिढा सोडवतो, बाई निस्तरते. पहिल्याची गोष्ट पारावर सांगितली जाते, दुसरीची सांगतच नाहीत. सासूबाईंच्या दहाव्याला कुणी म्हणालं नाही की गावाचा आधार गेला. ‘सोशिक होती’ म्हणाले. त्या सोशिक नव्हत्या हो. त्या हिशेबाच्या वहीत रात्री बारापर्यंत डोकं घालून बसायच्या आणि कुठल्या सावकाराला आधी द्यायचं, कुणाला दिवाळीपर्यंत थांबवायचं, ते ठरवायच्या.

गावात आज ज्या बाईकडे सगळे जातात तिला लोक नात्यानंच हाक मारतात. आशाताई, अंगणवाडीताई. ‘ताई’ म्हटलं की तिचं काम मायेत जमा होतं आणि त्यातली अक्कल दिसेनाशी होते. म्हणून मला बाईसाठी खटपटी हवा. त्यात माया नाही, त्यात कष्ट आणि डोकं आहे. आणि ‘खटपटी’ला लिंगभेद नाही, बाई खटपटी, बुवाही खटपटी.


शब्दसाखळी

सुगरण_७०, तुमचा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे. निस्तरणं या शब्दाचा संस्कृत अर्थ तरून पलीकडे जाणं. आपण त्याला सांडलेलं पुसण्यापर्यंत आणून ठेवलं.


धोटा

सुगरणताई म्हणतात ते आमच्या मागांनाही लागू आहे. बीम, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांचा रूळ, संपला की नव्या ताण्याचा एकेक धागा वहीतून (धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीतून) आणि फणीतून ओवून घ्यावा लागतो, हजारो धागे. एक चुकला तर कापडात रेघ उतरते. हे करणाऱ्याला वहिफणीवाला म्हणतात. जॉबरचं नाव मी पहिल्याच प्रतिसादात घेतलं आणि हे काम विसरलो. चूक झाली.


पाणंद

काल सगळ्यांचे प्रतिसाद घेऊन गेले होते. समाजमंदिरात अकरा जणी होत्या. आउट्रम साहेबाची गोष्ट सांगितली तेव्हा एक जण म्हणाली, ‘‘म्हंजी तवापासनं पैसं चारत्यात?’’ साडेतीन शहाण्यांपेक्षा त्यांना शेडमधला जॉबर आवडला. तळहाताचं वाचलं तेव्हा मोटरवाली काही बोलली नाही, नुसता स्वतःचा हात उलटसुलट करून बघत राहिली.

सुगरण_७० यांचा प्रतिसाद मी पूर्ण वाचू शकले नाही. बांगड्या मोडल्याच्या ओळीवर दोघी उठून बाहेर गेल्या. त्या परत येईपर्यंत आम्ही थांबलो.

मग ठरलं ते असं. पुस्तिकेच्या आत कुठेच एक ठोक नाव घालायचं नाही. प्रत्येक पानावर अडचण आणि तिचं क्रियापद : मोटर कोण चालू करतं, नाव कोण दुरुस्त करून आणतं, भांडण कोण मिटवतं. त्यापुढे रिकामी रेघ, गावानं आपल्या बाईचं नाव स्वतः लिहायचं. काथ्या_आणि_नारळ आणि शब्दसाखळी, हे तुमच्या दोघांच्या म्हणण्यातून निघालं.

मुखपृष्ठावर मात्र काहीतरी हवंच होतं. मी दोन-तीन शब्द फळ्यावर लिहिले. ज्या बाईनं पहिल्या दिवशी ‘खटपट्या नको गं’ म्हटलं होतं तीच उठली, खडू घेतला, ‘खटपट्या’मधला ‘ट्या’ पुसला आणि तिथे ‘टी’ काढला. मागे वळून म्हणाली, ‘‘भावकीला काय म्हणायचं ते म्हणू दे.’’

मुखपृष्ठ छापायला गेलंय. आतली पानं सोमवारी जातील. धोटा, ‘वहिफणी’ तुमच्याकडे ऱ्हस्व वेलांटीनं लिहितात की दीर्घ, तेवढं रविवारपर्यंत सांगाल का? तुमच्या धंद्याचं एक पान घालायला त्यांनीच सांगितलंय.


धोटा

मी तरी ऱ्हस्वच लिहीत आलोय. खात्री करून उद्या सकाळी सांगतो, शेडमध्ये पाटी लिहिणारा माणूस आठला येतो.